मशीनमध्ये पाणी दिसतं का?

निफाडची द्राक्षबाग असो की सिन्नरचा माळ, बोअरला पाणी कुठे लागेल ते तपासायला मी तारा पसरायला लागलो की कुणीतरी विचारतंच, "साहेब, मशीनमध्ये पाणी दिसतं का?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नाही दिसत.

मशीनला कळतो तो जमिनीचा विद्युतरोध. एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळया लांब नेत गेलं की वीज खोल उतरते आणि खालचे थर बोलायला लागतात. उन्हाळ्यात माती इतकी कोरडी की सळईभोवती मिठाचं पाणी ओतावं लागतं. पाणी शोधायला आलेला माणूसच कळशीभर पाणी मागतो, यावर प्रत्येक गावात हशा होतो.

आपल्या पायाखाली बेसॉल्टचे थरावर थर. मुरूम, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक), काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या. पाणी राहतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ओला, झिजलेला खडक साधारण २० ते ४० ओहम-मीटर (हे रोधाचं माप) दाखवतो, अखंड काळा पाषाण बऱ्याचदा शंभराच्या पुढे. म्हणजे आकडा उतरला की पाणी? तिथंच गोम आहे. दोन थरांमध्ये कधी कधी लाल, चिकणमातीचा पट्टा असतो. त्याचाही रोध कमीच, पण चिकणमाती पाणी धरून बसते, सोडत नाही.

मी त्यात फसलोय. सिन्नरकडे एका शेतात ९० फुटांच्या आसपास आकडा झपकन खाली आला. मी हरखून खूण केली. हातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याचा नारळही त्याच जागी उभा राहिला होता, त्यामुळे शेतकरी निर्धास्त. (दोघांचं जुळलं तरच बोअर घ्यायची, हा तिकडचा रिवाज. मला त्याचा राग येत नाही, पैसे त्याचे जातात.) बोअरची गाडी लागली आणि ९० फुटांना लालभडक भुकटी उडाली. त्याखाली कोरडा पाषाण. शेतकरी काही बोलला नाही, चहा पाजला. तो चहा अजून घशात आहे.

परत निघताना ओढ्याकाठी जुनी विहीर दिसली. वाकून पाहिलं, तर ५० फुटांवर कडेला तोच लाल पट्टा. आणि विहिरीचं तोंड शेतापेक्षा ४० फूट खाली. म्हणजे शेतातल्या ९० फुटांचीच पातळी.