काळाभोर, काळाकुट्ट आणि मधलं सगळं

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर माझा एक फोटो गेले सात महिने उलटा टांगलेला होता आणि हे मला आठव्या महिन्यात कळलं. फोटो मीच काढलेला, प्रिंटही मीच करून आणलेली. फ्रेमवाल्याने हूक चुकीच्या बाजूला ठोकला आणि मी घाईघाईत तो तसाच खिळ्याला अडकवून मोकळा झालो. लाज वाटायला हवी होती खरं तर, पण आधी हसू आलं आणि मग जरा बरंच वाटलं.

फोटो आहे नाणेघाटातून खाली कोकणाच्या अंगाला दिसणाऱ्या भातखाचरांचा. मे महिना, संध्याकाळचे पाच-सव्वापाच, आदल्या रात्री वळवाचा शिडकावा होऊन गेलेला त्यामुळे एरवी मेमध्ये जी धुरकट हवा असते ती त्या दिवशी नव्हती. बाकीचे लोक त्या दगडी रांजणापाशी फोटो काढत होते आणि मी कड्याच्या टोकाशी पोटावर पडून ५५-२५० लेन्समधून (लांबचं जवळ दाखवणारी) खाली बघत होतो (ही लेन्स कॅमेऱ्याबरोबर ऑफरमध्ये आली होती, तिच्याबद्दल फार अभिमानाने बोलावं असं काही नाही). फ्रेममध्ये आकाश नाही, क्षितिज नाही, झाड म्हणावं असं एकही नाही. नुसते जमिनीचे तुकडे, कुठे चौकोनी, कुठे काजूच्या आकाराचे, मधून बांधांच्या रेघा आणि त्यातले पाच-सहा तुकडे एकदम काळे.

घरी येऊन लॅपटॉपवर उघडला तर इतका निरस फोटो की विचारू नका. मातकट, त्यावर पिवळट, त्यावर परत मातकट. डिलीटच करणार होतो, पण जाता जाता सवय म्हणून रंग काढून बघितला आणि हात थांबला. म्हणजे तेच तुकडे, त्याच रेघा, पण आता तिथे शेत नव्हतंच, काळे आकार पुढे आले, पिवळट गवताचे पट्टे उजळ होऊन मागे गेले आणि बांधांच्या रेघा कुणीतरी एका दमात हात न उचलता काढल्यासारख्या वाटायला लागल्या.

आता कुणाला वाटेल की रंग काढला की झाला फोटो कलात्मक. अजिबात नाही, उलट बहुतेक फोटो रंग काढल्यावर मरतात. मी एकदा फुललेला पळस काढला होता, पेटल्यासारखा केशरी आणि मागे हिरवी झाडी, म्हटलं आता बघा काय कॉन्ट्रास्ट येतो ते. ब्लॅक अँड व्हाइट केला तर फुलं गायब! कारण केशरी आणि हिरवा आपल्याला कितीही वेगळे वाटले तरी त्या दोघांचा उजेड जवळपास सारखा होता, मग दोन्हीचा करडा एकच. श्रावणातल्या सह्याद्रीचं तर कायमच असं होतं. डोळ्यांना पन्नास हिरवे दिसतात आणि फोटोत सगळ्यांची मिळून एक करडी चटणी होते.

फिल्मच्या जमान्यात ह्यावर उपाय म्हणजे लेन्सवर रंगीत काच लावायची. अमेरिकन फोटोग्राफर अँसेल अ‍ॅडम्सचा हाफ डोम ह्या कड्याचा किस्सा फोटोग्राफीवाल्यांना पाठ असतो, १० एप्रिल १९२७, योसेमिटी, बर्फातून चढून गेलेला, फोटो ज्यांवर उमटतो त्या काचेच्या प्लेटा संपत आलेल्या. आधी पिवळा फिल्टर लावून त्याने फोटो काढला आणि मग लक्षात आलं की कडा समोर उभा राहिल्यावर जे वाटतंय ते ह्यात येणार नाही. शेवटची प्लेट गडद लाल फिल्टर लावून घेतली, लाल काचेने आकाशाचा निळा अडवला आणि आकाश जवळजवळ काळं झालं. तिथलं आकाश काही काळं नव्हतं, म्हणजे फोटो खोटाच म्हणायचा, पण त्या खोट्या काळ्यामुळे कड्याचा जो दरारा आला तो खरा आहे. ह्याच्या बरोबर उलट सॅम्युअल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर, १८६३ मध्ये भारतात आला, हमालांच्या पाठीवर काचा आणि केमिकलं लादून हिमालयात फिरला. त्याच्या बऱ्याच फोटोंत आकाश नुसतं पांढरं सपाट दिसतं कारण तेव्हाच्या प्लेटांना निळा रंग पांढऱ्यासारखाच दिसायचा. मला मात्र ती कोरी आकाशं आवडतात. डोंगराची कड त्यावर कात्रीने कापून ठेवल्यासारखी बसते.

ह्याच अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर ह्या दुसऱ्या फोटोग्राफरबरोबर १९४० च्या आसपास झोन सिस्टीम बसवली. सांगायला सोपी आहे, ठार काळ्यापासून कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा टप्पे, मध्ये पाचावर तो प्रसिद्ध १८ टक्केवाला (म्हणजे पडलेल्या उजेडातला तेवढाच परत पाठवणारा) करडा, आणि समोरच्या डोंगराचा कुठला भाग कुठल्या टप्प्यावर बसवायचा हे शटर दाबायच्या आधी ठरवायचं. मी हे शिकायला गेलो तेव्हा तिसरा झोन म्हणजे तपशील दिसणारी सावली, सातवा म्हणजे पोत दिसणारा उजेड, हे काही केल्या डोक्यात बसेना. मग एक दिवस आमटीला फोडणी देता देता (खरंच, तेव्हाच) सुचलं की अरे हे तर आपल्याकडे आहे आधीपासून.

म्हणजे बघा, काळेभोर केस म्हणतो आपण, काळीभोर जमीन म्हणतो, पण अंधार असतो काळाकुट्ट. का? तर काळ्याभोरमध्ये आत काहीतरी आहे, चमक आहे, ओल आहे, नजर आत जाते. काळ्याकुट्टात बोट घातलं तरी बोट दिसत नाही. कुट्ट म्हणजे शून्य, भोर म्हणजे दोन-तीन. आणि कातळ असतो काळाकभिन्न, तो कुठे बसवायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, त्यात रंगापेक्षा वजन जास्त आहे. पांढऱ्याचंही तसंच. धोतर पांढरंशुभ्र आणि घाबरलेल्याचा चेहरा पांढराफटक. शुभ्रमध्ये कापडाची वीण दिसते, फटकमध्ये काहीच उरलेलं नसतं. फोटोवाले ज्याला हायलाइट उडाले म्हणतात ना, तो फटक. मधे मग करडा, राखाडी, भुरका, धुरकट, काळपट, पांढुरका. ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही अशा लोकांनी हे सगळे टप्पे पाडून ठेवलेत. (लग्नाच्या जाहिरातीत निमगोरा, गहूवर्णी, सावळा अशीही एक झोन सिस्टीम चालते, पण तिच्याबद्दल बोलायला लागलो तर लेख भलतीकडे जाईल.)

फोटोग्राफर रघुबीर सिंगांचं म्हणणं वेगळं होतं. भारत हा रंगातच बघायचा देश, ब्लॅक अँड व्हाइट ही पाश्चात्यांची उदास नजर, अशा अर्थाचं ते मांडायचे आणि आयुष्यभर त्यांनी रंगीतच फोटो काढले. त्यांचे फोटो बघताना मला ते पटतंही, पण मे महिन्यात घाटमाथ्यावर उभं राहिलं की नाही पटत. सह्याद्री मुळातच ब्लॅक अँड व्हाइट आहे हो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातले कठीण थर कडे होऊन उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. उन्हाळ्यात उतारावरचं गवत वाळून पांढुरकं होतं आणि कडा तसाच काळा राहतो. मग काळा पट्टा, पांढुरका पट्टा, परत काळा, परत पांढुरका, मैलोन्‌मैल. ह्यात रंग शोधायला गेलात तर हाती मातकटच लागणार.

तर तो उलटा फोटो. आमच्या आईने तो पहिल्या दिवसापासून गोधडी म्हणूनच स्वीकारला होता. "त्या गोधडीवर धूळ बसलीये बघ" वगैरे. पाहुणे यायचे, मान तिरकी करायचे आणि "छान आहे, काय आहे?" विचारायचे. मी "नाणेघाट" म्हणालो की चेहरे पडायचे, कारण नाणेघाट म्हटलं की त्यांना तो नानाचा अंगठा नावाचा सुळका हवा असायचा. मग मीही गोधडीच सांगायला लागलो. दिवाळीत बहीण आली आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा सोफ्यावर पाय वर, डोकं खाली लोंबकळत असं कार्टून बघत होता, तो एकदम म्हणाला, "मामा, हे शेत आहे ना?"

मी म्हटलं तुला कसं कळलं. आणि मग मीच मान वाकडी करून बघितलं.

ह्यात एक गंमत आहे. उजेड वरून येतो हे आपल्या मेंदूने पक्कं धरून ठेवलंय, त्यामुळे चंद्राच्या खड्ड्यांचा फोटो उलटा केला की खड्ड्यांची टेंगळं होतात. माझ्या फोटोत सूर्य पश्चिमेला म्हणजे फ्रेमच्या वरच्या अंगाला होता, सुलट धरलं की बांध उंच आणि खाचर खोल, जसं असतं तसं. उलटा टांगल्यावर बांधांच्या झाल्या खाचा आणि खाचरं फुगून वर आली, धावदोऱ्याच्या शिवणीमध्ये कापड फुगतं ना तशी. म्हणजे आई बरोबरच बघत होती, भिंतीवर खरोखर गोधडीच होती. तो पोरगा उलटा झाला तेव्हा त्याच्यापुरतं ते शेत झालं.

आणि उलटं बघण्यात लाजण्यासारखंही काही नाही, मोठे व्ह्यू कॅमेरे वापरणाऱ्यांना मागच्या घासलेल्या काचेवर दृश्य उलटंच दिसतं, डोक्यावर काळं फडकं घेऊन खालचा डोंगर वर आणि वरचं आकाश खाली असं बघत ते फोटो रचतात. उलटा डोंगर डोंगर राहत नाही, नुसता वरून लोंबणारा काळा आकार होतो आणि मग तो आकार नीट बसलाय की नाही एवढंच दिसतं. स्टिग्लिट्झ ह्या अमेरिकन फोटोग्राफरने १९२० च्या दशकात ढगांचे शेकडो फोटो काढले, त्यातल्या बऱ्याच फोटोंत क्षितिजच नाही, वरची बाजू कुठली हे पाठीमागे लिहिलेलं नसेल तर कळायची सोय नाही. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये मातिस ह्या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. मी ४७ ला केव्हाच मागे टाकलंय.

माझा तर एक फोटोग्राफर आवडता आहे, मारिओ जाकोमेली. इटलीतल्या सेनिगालिया गावात त्याचा छापखाना होता. आजूबाजूच्या टेकड्यांवरची नांगरलेली शेतं तो आकाश वगळून अशी छापायचा की पांढरं पांढरंफटक आणि काळं काळंकुट्ट, मधलं जवळपास काही ठेवायचाच नाही. झोन सिस्टीमवाल्यांना चक्कर यावी असं काम. पण नांगराच्या त्या रेघा म्हाताऱ्या माणसाच्या तळहातासारख्या दिसतात. छापखान्याच्या शाईत हात असलेल्या माणसालाच एवढं ठार काळं वापरायची हिंमत होत असणार असं आपलं मला वाटतं. मी तेवढा धीट नाही. माझ्या फोटोत डावीकडच्या काळ्या तुकड्याचा एक कोपरा करडा आहे, तो बाकीच्या काळ्यात बुडू नये म्हणून मी तब्बल दोन संध्याकाळी स्लायडर मागेपुढे करत बसलो होतो. तेवढ्या एका करड्यामुळे सगळ्या काळ्यांना वजन येतं, अशी माझी समजूत.

भाचा गेल्यावर मी फ्रेम काढली, दुसऱ्या बाजूलाही हूक ठोकला आणि फोटो सुलट लावला. आई कोथिंबीर निवडत बसली होती. तिने वर बघितलं, परत खाली बघितलं, आणि मग चष्मा पुसून उठून जवळच गेली. आईचं माहेर कर्जतकडचं, लग्नापर्यंत भातशेतीतच.

"अगं बाई, राब भाजलेत की रे," ती म्हणाली. राब म्हणजे भाताची रोपं पेरायच्या आधी जमिनीचा तुकडा जाळून भाजायचा. सात महिन्यांची गोधडी एका वाक्यात गेली. मग शेण कसं पसरायचं, त्यावर टहाळ, त्यावर गवत, वरून माती, आणि वारा पडल्यावर कुठल्या अंगाने पेटवायचं, धुराने डोळे कसे चुरचुरायचे, सगळं ओळीने. मी जरा हिरमुसलो होतो, कारण मला ते काळे आकार आकार म्हणूनच हवे होते. पण ती कुठल्या गावाचं काय असलं काही विचारतच नव्हती, एकेका काळ्यावरून बोट फिरवत चालली होती आणि बोट डावीकडच्या त्या कोपऱ्यावर येऊन थांबलं.

"हा नीट नाही जळला," ती म्हणाली. "बघ, करडा राहिलाय. खालचं शेण ओलं असणार. तण माजतंय आता त्याच्यात."

आणि परत जाऊन कोथिंबीर निवडायला बसली.