तीनशेचा फरक आणि गल्ला मोजण्याची प्रतीक्षा

एका कार्यालयाच्या खिडकीवर मला १६२ भरायचे होते. मी ५००ची नोट दिली आणि रोखपालांनी हाताने लिहिलेल्या पावतीसोबत ३८ परत केले, म्हणजेच त्यांनी माझी नोट २००ची धरली होती. मी खिडकीसमोरून न हलता तिथेच पैसे मोजले, एवढी एक गोष्ट मी बरोबर केली. मात्र नोट पुढे करताना ‘हे पाचशे’ असे मोठ्याने म्हटले नव्हते, आणि मी हरकत घेईपर्यंत ती खणातल्या इतर नोटांमध्ये मिसळून गेली होती. पुढचे साडेतीन तास या दोन गोष्टींपायी गेले.

रोखपालांनी काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवले. खिडकी सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही, असे तिच्यावर लिहिले होते. मी खिडकी सोडलेलीच नव्हती, हे मी तीनदा सांगितले. आजही मला सर्वांत जास्त राग त्या पाटीचा येतो, कारण पैसे कमी आले तर ग्राहकाने काय करायचे, याविषयी तिच्यावर एक अक्षरही नव्हते. रांगेतल्या मागच्या माणसांची कुजबुज सुरू झाली होती आणि अशा वेळी बहुतेक जण माघार घेतात, हे मला ठाऊक होते. मी बाजूला सरकले, पण तिथून गेले नाही.

नोटेचा क्रमांक लक्षात ठेवला असता तर प्रश्न सुटला असता, असे मला वाटत होते. तसे मी पर्यवेक्षकांना बोलूनही दाखवले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला मान्य करावे लागले. ठकांची एक जुनी युक्ती अशी असते की पहिला माणूस खूण केलेली किंवा क्रमांक टिपून ठेवलेली मोठी नोट देऊन जातो. थोड्या वेळाने दुसरा लहान नोट देतो, आपण मोठीच दिली असा दावा करतो आणि पुरावा म्हणून पहिल्याच्या नोटेवरची खूण सांगतो. त्यामुळे ती नोट गल्ल्यात आहे, एवढ्यावरून ती मी दिली होती, असे सिद्ध होत नाही. मग खरा पुरावा उरतो तो एकच : खणातली रोकड मोजायची, पावत्यांच्या बेरजेशी ताडून पाहायची आणि शिल्लक किती जास्त निघते ते बघायचे.

नेमके हेच करायला ते तयार नव्हते. पाळी संपल्याशिवाय गल्ला मोजत नाही, एवढेच उत्तर मिळाले. रांग थांबवता येत नाही, ही त्यांची अडचण मी समजू शकते. पण मोजणी जितकी लांबते तितक्या इतर ग्राहकांच्या लहानसहान चुका त्याच खणात जमा होतात आणि आपली रक्कम त्यांत ओळखू येईनाशी होते, म्हणून मोजणी लगेच व्हावी असा आग्रह धरणे ग्राहकाच्या हिताचे असते. ते जमले नाही तर मी केले ते तरी करावे : तक्रार कागदावर लिहून तिच्यावर वेळ, पावतीचा क्रमांक, दिलेली नोट आणि परत मिळालेली रक्कम नोंदवावी आणि कर्मचाऱ्याची सही घ्यावी. ती सही मिळवायलाच मला पाऊण तास लागला.

त्या प्रतीक्षेत मी इतर खिडक्यांवरचे व्यवहार पाहत होते. शेजारच्या रोखपाल बाई घेतलेली नोट खणात न टाकता समोर वजनाखाली ठेवत आणि उरलेले पैसे ग्राहकाने मोजून झाल्यावरच आत सरकवत. तसे करायला कोणालाही सांगता येते. पैसे परत करताना त्या वजाबाकी न करता वर चढत मोजत होत्या : १६२ असतील तर १६५, १७०, २००, ५००. अशी मोजणी ग्राहकाच्या कानावर पडते आणि चूक तिथल्या तिथे कळते. जेम्स रिटी यांनी अमेरिकेत १८७९ साली रोकडयंत्राचे, म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद ठेवणाऱ्या कॅश रजिस्टरचे, पेटंट घेतले, ते नोकरांनी गल्ल्यातले पैसे लांबवू नयेत म्हणून, म्हणजे मालकाच्या रक्षणासाठी. ग्राहकाला कमी पैसे मिळाले तर गल्ल्यात जास्त उरतात आणि मालकाचे काहीच जात नाही, त्यामुळे ही काळजी आपली आपणच घ्यावी लागते.

पाळी संपल्यावर ज्येष्ठ लेखापाल बाईंनी रोकड मोजली. शिल्लक २९१ने जास्त निघाली. पर्यवेक्षक लगेच म्हणाले, “तीनशे नाहीत, म्हणजे हा तुमचा फरक नव्हे.” मी हताश झाले होते. लेखापाल बाई मात्र थांबल्या. ३०० आणि २९१ यांत ९चा फरक आहे आणि ज्या फरकाला ९ने पूर्ण भाग जातो तिथे आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते, असे म्हणत त्यांनी पावत्या नोंदवहीशी पुन्हा ताडून पाहिल्या. एका पावतीवरचे ४५ नोंदवहीत ५४ असे उतरले होते, म्हणजे वहीतली बेरीज ९ने फुगली होती आणि शिल्लक खरी ३००नेच जास्त होती.

मला माझे ३०० मिळाले. नोटांची गड्डी परत मिळाली तर ती उलगडून मोजावी, कारण मधे दुमडलेली एक नोट दोनदा मोजली जाऊ शकते, हे त्यांनीच देता देता सांगितले. रक्कम पोचल्याची सही त्यांनी माझ्याकडून नोंदवहीत घेतली. त्या नोंदीची प्रत मी मागितली, ती मात्र मला देण्यात आली नाही.