ऋषिपंचमीची आत्या आणि हजारावी पौर्णिमा

आमच्या आत्याच्या वाढदिवसाला घरात कधी गोडधोड झालं नाही. तिचा जन्म १९४४च्या गणपतीतला, ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून पानात ऋषीची भाजी. परसातला अळू, माठ, भेंडी, पडवळ, कणसाचे तुकडे, सगळं एकाच पातेल्यात. तोच तिचा केक. आधार कार्डावर मात्र १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना तीच तारीख देऊन टाकली होती.

त्यामुळे तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा मी तारखांचा नाद सोडला आणि सरळ पौर्णिमा मोजल्या. ८० वर्षांच्या ९६०. त्यात अधिक महिन्यांच्या ३०. श्रावण २०२४पर्यंत झाल्या ९९०. पुढच्या दहा बोटांवर मोजत गेले तर हजारावी आली ज्येष्ठातली, १० जून २०२५. वटपौर्णिमा! मंगळवार होता, पण आत्याला आयुष्यात एकदाच येणारी पौर्णिमा रविवारपर्यंत कशी ढकलणार? सगळ्यांनी रजा टाकल्या.

आत्या चिपळूणला राहते, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. डोंबिवलीहून आम्ही आदल्या दिवशी दिव्याची सावंतवाडी गाडी पकडली. चिपळूण आलं आणि वाशिष्ठी दिसली की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

२२ जुलै २०२१ला पहाटे याच नदीचं पाणी तिच्या घरात शिरलं. जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत. आत्या आणि दादा-वहिनी माळ्यावर बसून होते, फोन लागत नव्हते, रेल्वे बंद. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. मग माणसं यायला लागली. गुहागरचे चुलतभाऊ फावडी आणि घमेली घेऊन, कऱ्हाडची मावसबहीण दोन पिंप पिण्याचं पाणी आणि पोळ्यांचा डबा घेऊन. साताऱ्याचा एक भाचेजावई तर मी तोवर फक्त लग्नाच्या फोटोत पाहिला होता. तो चार दिवस तिथेच पडवीत झोपला, आणि पाचव्या दिवशी आत्याचं शिलाई मशीन उघडून, पुसून, तेल घालून चालू करून मगच गेला. नातं किती लांबचं, हे त्यानंतर मी कधी मोजलं नाही.

फ्रिज गेला, गाद्या गेल्या, त्याबद्दल आत्या काही बोलली नाही. ती रडली ती कालनिर्णयांसाठी. १९७३ साली कालनिर्णय निघालं तेव्हापासूनची सगळी तिने सुतळीने बांधून ट्रंकेत ठेवली होती. दुधाचा हिशोब, गॅसचा नंबर, आणि त्याच चौकोनांत आम्ही सगळे: कोणाला मुलगा झाला, कोणाचं बारसं, कोण किती दिवस राहून गेलं. माझ्या जन्माच्या चौकोनात ‘मुलगी. दोघी बऱ्या. दूध १ लि. जास्त’ असं होतं. ते पान मी पाहिलेलं आहे. ट्रंकेतून निघाला तो नुसता लगदा.

वटपौर्णिमेच्या सकाळी सुना आणि लेकी वडाला जाऊन आल्या. काका गेल्यापासून आत्या त्या दिवशी मागच्या पडवीतच बसते, ओटीवर येत नाही. थोरल्या वहिनीने तिला हात धरून बाहेर आणलं, पाटावर बसवलं आणि कोणाला काही न विचारता कपाळाला कुंकू लावलं. आत्याने एकदा गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, ‘‘बसा आई, दिवे विझतील.’’ वहिनीचे उपकार मी विसरणार नाही.

८१वं चालू म्हणून दिवे ८१, कणकेचे. नातवंडांनी आदल्या रात्री वळलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. ओवाळायला लागलो तर ताटं पुरेनात, शेजारच्या काकूंनी त्यांची दिली. चांदीच्या चंद्राची पूजा झाली. जेवायला वालाचं बिरडं, फणसाची भाजी आणि सांदणं. ‘माझ्या वाढदिवसाला गोड!’ म्हणत तिने सांदणावर नारळाचं दूध दोनदा घेतलं.

दुपारी आम्ही तिला भेट दिली. ५२ वर्षांची ५२ साधी कॅलेंडरं, आतेभावाने छापून आणलेली. चार महिने आम्ही सगळे आठवेल ते आपापल्या हाताने त्यात भरत होतो. पत्रिका, जन्मदाखले, जुन्या पत्रांवरचे शिक्के शोधून. आत्याने चष्मा पुसला आणि चुका काढायला सुरुवात केली. ‘‘हे बारसं गुरुवारी नव्हतं. गुरुवारी लाईट गेले होते, हे शुक्रवारी.’’ संध्याकाळपर्यंत १९८१पर्यंत पोचली. मी शेजारी बसून खोडत होते, लिहीत होते.

रात्री पाऊस होता. चंद्र काही दिसला नाही. आत्याने भिंतीवरचं यंदाचं कालनिर्णय खाली काढायला लावलं, पेन मागितलं आणि १० जूनच्या चौकोनात लिहिलं: ‘पानं ४६. दूध ८ लि. ताटं परत देणे.’