काटे नाहीत म्हणून मुशी

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले कायस्थ. बुधवार-रविवार घरात मासे असतातच. माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या ताटात मात्र कायम मुशी, म्हणजे लहान शार्क, नाहीतर मोठ्या सुरमईची तुकडी असायची, कारण घशात काटा अडकायची भीती. मुशीला तर हाडच नसतं, नुसती कूर्चा. सासूबाई तिचा खिमा इतका सुरेख करतात की तो वाटी चाटूनपुसून खायचा. उरलेला खिमा दुसऱ्या दिवशीही त्यालाच मिळायचा.

सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या नणंदेने पहिल्याच रविवारी मुशीची वाटी बाजूला सारली. "डॉक्टरांनी बंद केलीय, पारा असतो म्हणून. वहिनी, याला आठवड्यातून किती देता?" मला सांगता येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बालरोगतज्ज्ञांनी आधी त्याला नीट तपासलं. चालणं, बोलणं, हातांची पकड, सगळं वयाप्रमाणे होतं. मग कोणता मासा, किती तुकड्या, हे मला दोन आठवडे वहीत लिहायला सांगितलं. पारा इतर वाटांनीही अंगात जातो, म्हणून गोरं करणारी क्रीम, फुटलेला थर्मामीटर, पाऱ्याची भस्मं यांबद्दलही विचारलं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. वहीत मात्र आठवड्याला चार-चार वेळा मुशी आणि सुरमई निघाली.

रक्ततपासणीने माझी परीक्षा पाहिली. या तपासणीला धातूचा अंश नसलेली खास नळी लागते. पहिल्या ठिकाणी साध्याच नळीत रक्त घेतलं आणि तीन दिवसांनी फोन आला, नमुना चालणार नाही. त्याला पुन्हा सुई टोचताना मला रडू आवरलं नाही. तेव्हा तुम्ही तपासणी करून घेणार असाल तर नळीचं आधीच विचारा, आणि संपूर्ण रक्तातला पारा तपासणार ना, हेही. माशांतून आलेला पारा आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींतच बहुतेक असतो.

आकडा आला लिटरला ८.६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सावधगिरीची पातळी ५.८ धरली आहे. डॉक्टर म्हणाले, "ही विषबाधा नव्हे, औषध नको. मोठे मासे थांबवा. रक्तातला पारा साधारण ५० दिवसांत निम्मा होतो. पण मासे अजिबात बंद करू नका, मेंदूच्या वाढीला ते हवेत."

सासूबाईंना हे पटवणं अवघड होतं. "आम्ही पिढ्यान् पिढ्या खाल्ले. आणि मी चार पाण्यांनी धुते, आगळ लावते." त्यांचा काही दोष नव्हता. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल-पाऱ्यात, म्हणजे अंगात साचणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात. ते आधी बारीक जिवांत जातं, त्यांना लहान मासे खातात आणि लहानांना मोठे. मुशी या साखळीच्या टोकाला असते आणि जगतेही बरीच वर्षं, म्हणून तिच्यात ते साचत जातं. तेही थेट मांसात, त्यामुळे धुऊन, आगळ लावून किंवा तळून जात नाही. त्यांना शेवटी पटलं ते मिनामाताबद्दल ऐकून. जपानमधल्या त्या गावात १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीस आला. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांत उतरला होता. तिथल्या काही आया स्वतः धडधाकट दिसत होत्या, पण त्यांच्या पोटातल्या बाळांचे मेंदू कायमचे दुखावले. हे ऐकताना त्या लेकीच्या पोटाकडे पाहत राहिल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मासेवाल्या भाईंना मुशी नको म्हणून स्वतःच सांगितलं. आता मांदेली, तारली, बांगडा, कोळंबी येते. मुलाला आठवड्यातून दोनदा, एका वेळी साधारण ५५ ग्रॅम. इतर वारी सोड्यांची खिचडी मागतो, तेव्हा त्यात सोडे चवीपुरतेच.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, यावेळी योग्य नळीत. आकडा ३.१ आला. तारलीचे काटे सासूबाईच काढतात, चष्मा लावून, खिडकीपाशी बसून. तोवर तो मांडीशी बसून वाट बघतो.