यादी वाचून झाली की पंगत

आमच्या मंडळाच्या मेळाव्यात देणगीदारांची यादी पूर्ण वाचून झाल्याशिवाय पंगत बसत नाही. लहानपणी याचा मला भयंकर राग यायचा, कारण शाळेच्या मागे चुलाणावर डाळिंब्यांची उसळ शिजत असायची, तिचा वास अख्ख्या पटांगणात फिरायचा आणि इकडे आई माइकसमोर उभी राहून सावकाश वही उघडायची. आई मंडळाची खजिनदार. एरवी तिचा आवाज इतका बारीक की परसातून हाक मारली तर माजघरात ऐकू यायचं नाही, पण त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या आजीलाही कळेल असं एकेक नाव वाचायची.

आमचा किनारा म्हणजे दापोली तालुका, हर्णै बंदर आणि मुरुड दोन्ही हाकेच्या अंतरावर. मेळावा रथसप्तमीच्या आसपासच्या रविवारी, कारण तेव्हा आंब्याला मोहोर असतो, सकाळी जरा गारठा असतो आणि बायकांच्या हाताला थोडी उसंत असते, नंतर काजू सुरू झाला, शिमगा आला, मग आंबे फणस रातांबे, मग पावसाच्या आधी लाकूडफाटा भरायची घाई, मग कोण कुणाला सापडतंय. मंडळ बायकांचं आणि तेही अशा बायकांचं की ज्यांचा नवरा मुंबईला गेला तो परत आलाच नाही, किंवा आला तो आजारी होऊन आला, ज्या दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातात, बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहतात. वाडीवरच्या, बंदरावरच्या, मोहल्ल्यातल्या, सगळ्या एका सतरंजीवर बसायच्या आणि हे दृश्य आमच्याकडे वर्षातून त्या एकाच दिवशी दिसायचं म्हणून मला ते इतकं लख्ख आठवतं.

दारात हळदीकुंकू नसायचं. प्रत्येकीला तिळगूळ आणि अबोलीचा गजरा, कपाळाकडे बघायचं नाही की गळ्याकडे बघायचं नाही. अध्यक्ष काकी मुरुडच्या, त्यांनी हे पहिल्या वर्षापासून लावून दिलेलं आणि दरवर्षी भाषणात त्या महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगायच्याच. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या, म्हणून मुरुड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. काकी "गावाने" असं नाही म्हणायच्या, "आपण" म्हणायच्या. आपण त्यांना वाळीत टाकलं गो. आणि मग सगळा मांडव शांत व्हायचा.

त्यानंतरचा काकींचा हिशोब मला पाठ आहे. १८९६ ला कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९१६ ला महिला विद्यापीठ. विठ्ठलदास ठाकरसींचे १५ लाख रुपये आले १९२० ला, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला दिलं, ते आजचं एसएनडीटी. "आता मला सांगा," काकी विचारायच्या, "मधली २४ वर्षं काय खाल्लं त्यांनी? वारा?" आणि स्वतःच उत्तर द्यायच्या, गावोगाव हिंडून मागितलेले रुपये खाल्ले. कुणी ५ दिले कुणी १० दिले. ठाकरसींचे १५ लाख मोठेच, त्यांच्यामुळे विद्यापीठ उभं राहिलं, पण ते १५ लाख ठेवायला घर होतं ते या पाच-दहा रुपयांनी जिवंत ठेवलेलं. मोठेपणी मला कळलं की आमच्या मंडळाचा सगळा कारभार या एका हिशोबावर चालायचा.

म्हणूनच यादी रकमेप्रमाणे वाचायची नाही, पावती नंबरप्रमाणे वाचायची. ज्याने आधी दिलं त्याचं नाव आधी. वस्तू दिली असेल तर तीही त्यातच. पावती नंबर १८, दोन पायली तांदूळ. १९, मुंबईहून चाकरमानी दादा, १००१ रुपये. २०, सुकट एक किलो. २१, बागवाल्या वहिनी, ५१ रुपये आणि पन्नास नारळ. आई तांदळाला आणि हजार रुपयांना एकाच सुरात वाचायची आणि प्रत्येक नावानंतर टाळ्या, त्यामुळे पंगतीला दीड वाजायचा.

मंडळाचं मुख्य काम म्हणजे आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं. आमसुलं दिसतात साधी पण त्यांचा खटाटोप खूप, रातांबे फोडायचे, साल वेगळी करायची, बियांभोवतीचा गर मिठात ठेवला की त्याचा रस सुटतो, त्या रसात सालं बुडवून उन्हात घालायची, वाळली की परत रसात, परत उन्हात, असं चार-पाच वेळा केल्याशिवाय तो काळाभोर रंग आणि ती आंबटाई येत नाही. आंबापोळी तशीच, रायवळचा रस आटवून तूप लावलेल्या ताटात पातळ ओतायचा, वाळला की त्यावर दुसरा थर. हे सगळं अंगणात, वर जुनी साडी बांधून, एक पोरगं काठी घेऊन कावळ्यांना राखणीला. ते पोरगं बऱ्याचदा मीच. आणि मे महिन्यात दुपारी तीनला आभाळ भरून वळीव आला की अख्खी वाडी किंचाळत ताटं उचलायला पळायची, तरी अर्धी भिजायचीच. भिजलेल्या पोळीला बुरशी येते. एकदा बंदरावरच्या एका मावशीची आठ ताटं गेली, तिच्या मुलीच्या शाळेचे पैसे त्याच ताटांत होते आणि ती पायरीवर बसून ताटातला पाण्याने पांढुरका झालेला रस बोटाने निपटून काढत होती, रडत नव्हती, नुसती निपटत होती. मी तेव्हा सातवीत होते.

पुढे कंपन्यांचा कायदा आला, २०१३ चा, म्हणजे ज्या कंपनीचा नफा, उलाढाल किंवा मालमत्ता ठरावीक आकड्याच्या वर आहे तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, एप्रिल २०१४ पासून लागू. कंपनी जिथे काम करते त्या भागाला आधी प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. सीएसआर हा शब्द आमच्या वाडीत तेव्हा आला आणि आमच्याकडे एका कंपनीचे साहेब जीपमधून आले. काकींनी त्यांना ती आठ ताटांची गोष्ट सांगितली, बाकी काही मागितलं नाही. साहेबांनी तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी नवा कागद मागितला आणि शेवटी मंडळाला सोलर ड्रायर मिळाला, लांबट घरासारखा, वर पारदर्शक पत्रे, आत जाळीचे ट्रे. सोबत रस काढायचं मशीन, पाकिटं सील करायचं मशीन आणि खाद्यपदार्थांच्या परवान्याचं ट्रेनिंग. पहिल्या वळिवाला सगळ्या जणी सवयीने पळत आल्या आणि ड्रायरच्या बाहेर भिजत उभ्या राहून आतल्या सुक्या ताटांकडे बघत राहिल्या. फोनवर हे सांगताना आईला दोनदा थांबायला लागलं.

त्या वर्षीच्या मेळाव्यात साहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर. कमिटीत आधी आठवडाभर वाद झालेला की कंपनीचं नाव पहिलं वाचायचं का, एवढी मोठी रक्कम आहे, त्यांना बरं वाटेल. आई म्हणाली पावती नंबर ३७ आहे, ३७ लाच वाचणार. आणि तसंच झालं. ३६ नंबरला काजूच्या बिया दोन किलो, ३७ ला कंपनी, सहा लाख चाळीस हजार, ३८ ला पोस्टातल्या काकू, १०१ रुपये. तिघांनाही तेवढ्याच टाळ्या. साहेब काय म्हणतील म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. जेवण झाल्यावर ते हात धुऊन आईच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, कंपनीची पावती झाली, आता माझी वेगळी फाडा." ५०१ रुपये. पुढे त्यांची बदली झाली, तरी ते ५०१ दरवर्षी डिसेंबरातच येतात आणि त्यामुळे त्यांचं नाव हल्ली पहिल्या दहात असतं.

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. आमच्या दापोली-मंडणगडकडे काय झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको, नारळी-पोफळी पडल्या, हापूसची जुनी कलमं मुळासकट उपटली, कितीतरी दिवस वीज नव्हती. ड्रायरचे पत्रे उडून खाडीकडे गेले. कंपनीचा प्रोजेक्ट त्याच मार्चमध्ये संपलेला, कंपनीला कळवलं तर तिथल्या नव्या माणसाने नीट बोलून सांगितलं की दुरुस्तीचं हेड मंजुरीत नव्हतं, वस्तू दिली की काम पूर्ण धरतात. कायद्याने ते बरोबर असेल. पण मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की वस्तू देणाऱ्याने पाच वर्षांनी त्या वस्तूचं काय झालं ते एकदा येऊन बघावं आणि मशीनच्या जोडीला तिचं तेलपाणी, वीजबिल, टेम्पोचं डिझेल आणि हिशोब लिहिणाऱ्या मुलीचा पगार यांनाही मंजुरीत जागा ठेवावी, कारण मंडळं बंद पडतात ती याच्यावाचून पडतात.

पत्रे आले ते पावत्यांतून. ज्यांची स्वतःची कौलं उडालेली त्या बायकांनी पन्नास-पन्नास काढले, मुंबई-पनवेलहून माहेरवाशिणींनी पाठवले, एका निवृत्त गुरुजींनी एक महिन्याची पेन्शन दिली. २०२१ च्या एप्रिलला पहिले रातांबे लाल व्हायच्या आत ड्रायर उभा.

त्या वर्षी करोनामुळे मेळावा नव्हता. रथसप्तमीनंतरच्या रविवारी आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, बावीस मिनिटांचा. अख्खी यादी. मी पनवेलला ओट्याशी उभी राहून ऐकली, प्रत्येक नावानंतर ती टाळ्यांपुरतं थांबत होती आणि त्या गॅपमध्ये मागे कोंबडा आरवत होता. माझ्या मुलीने प्रत्येक गॅपमध्ये टाळ्या वाजवल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

आता कागदपत्रं वाढलीत. आयकराच्या ८०जी कलमाखाली नोंद असलेल्या संस्थेला दिलं तर जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या देणगीदाराला करात सवलत मिळते, पण २००० च्या वर रोख दिले तर नाही मिळत, हे आमच्या एकेका काकीला समजावता समजावता पुरेवाट झाली. वर २०२२ पासून प्रत्येक देणगीदाराचं प्रमाणपत्र, १०बीई, ३१ मेच्या आत ऑनलाइन काढून द्यायचं आणि ३१ मे म्हणजे आमच्याकडे ड्रायर भरलेला, रातांब्यांच्या रसाने सगळ्यांचे हात रंगलेले. हिशोब लिहिणारी मुलगी मागच्या मेमध्ये पालथ्या मुठीने लॅपटॉप उघडताना मी बघितली. ही मुलगी त्या आठ ताटांवाल्या मावशीची नात.

काकी आता घरीच असतात, मेळाव्याला त्यांना गाडीने आणतात. आईची नजर कमी झाली, यंदा वही वाचायचं काम माझ्याकडे आलंय. परवा तिने फोनवर सूचना दिल्या. घाईत वाचायचं नाही. रक्कम मोठी आली म्हणून आवाज मोठा करायचा नाही. कुणी वस्तू दिली असेल तर वस्तूच वाचायची, तिचे पैसे करून सांगायचे नाहीत. नाव चुकलं तर थांबून परत वाचायचं, माणूस वर्षभर त्याची वाट बघतो.

वहीचे फोटो हिशोब लिहिणाऱ्या मुलीने पाठवलेत, मी रोज रात्री मोठ्याने वाचून बघतेय. एकशे बारा पावत्या आहेत. कंपन्या दोन, एक ४१ ला आणि एक ९० ला. ४० ला सुके बांगडे दोन किलो.