आठ नंबरचे दोन प्लग

आमचं गॅरेज म्हणजे मालवणजवळ खाडीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, आणि काम सगळं बोटींच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनांचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अख्ख्या वाडीची इंजिनं माझ्याकडे पडलेली असतात, त्यामुळे स्पार्क प्लगचे, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगचे, खोके कायम भरलेले, बहुतेक एनजीके कंपनीचे सात आणि आठ नंबर, आखूड आट्याचे.

डिसेंबरातली गोष्ट. वर सड्यावर पुण्याचे एक रिटायर्ड काका ट्रेलरवरून ट्राइक घेऊन आले होते, म्हणजे हलकं उडणारं यान, वर त्रिकोणी कापडी पंख, खाली तीनचाकी सांगाडा नि मागे पंखा. मदतीला ठेवलेला गावातला पोरगा माझ्याकडे आला, "भाऊ, माका आठ नंबरचे दोन प्लग व्हये." शेडमध्ये दोन इंजिनं उघडी पडलेली, हात ग्रीसचे, मी खोक्यातून दोन बीआर८एचएस काढून दिले आणि पैसे गल्ल्यात टाकले. कशाला हवेत ते विचारलंच नाही मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन, इंजिन खोकतंय, येऊन बघशील का. गेलो. इंजिन रोटॅक्स ५८२, दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं, साधारण ६५ हॉर्सपॉवरचं. ह्याची गंमत अशी की एका सिलिंडरला दोन प्लग, इग्निशनची सर्किटं पण दोन, एक गेलं तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहावं म्हणून. काकांनी खालीच चालू करून एक स्विच बंद केला, आरपीएम किंचित उतरला, ठीक. तो चालू करून दुसरा बंद केला आणि इंजिन असं धडधडायला लागलं की मागचा पंखा बघून मीच दोन पावलं मागे सरलो.

म्हटलं चालू राहिलेल्या, पहिल्या सर्किटचे प्लग काढू. पहिला काढला तर काळा, ओला, आणि हातात घेतल्या घेतल्या ओळखीचा वाटला. माझाच माल! शेजारी काकांचा जुना ठेवला, बीआर८ईएस. मधला आठ दोघांनाही आहे, पण आठ म्हणजे फक्त हीट रेंज, प्लग किती गरमी बाहेर टाकतो ते. एच म्हणजे आटे १२.७ मिलीमीटर, ई म्हणजे १९. जाडी तीच १४ मिलीमीटर, पाना तोच, त्यामुळे आखूड प्लग लांब भोकात मस्त बसतो, कुठे अडत नाही. फक्त ठिणगी आत बोळात पडते, जिथे पेट्रोल-हवेचं ताजं मिक्स्चर नीट पोचत नाही. उलटं झालं असतं, म्हणजे लांब प्लग आखूड हेडमध्ये, तर पिस्टन थेट प्लगवर आपटू शकतो.

हेडमधले मोकळे राहिलेले सहा मिलीमीटर आटे टॉर्च मारून बघितले, कार्बन धरायला सुरुवात झालेली. तसाच लांब प्लग दाबून पिळला असता तर अॅल्युमिनियमचे आटे गेलेच समजा. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस फासून हळूहळू फिरवला, कार्बन ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही. दोन्ही भोकांना तासभर गेला. माझ्या प्लगच्या डोक्यावरची टोपी तर स्क्रूवाली होती, पक्कडीने धरली तर पाव आटा फिरली. एवढ्या व्हायब्रेशनला ती ढिली होऊ शकते, म्हणून विमानवाले अखंड टोकाचा प्लग मागतात, हे मला त्या दिवशी काकांकडून कळलं.

काका म्हणाले, "प्लग काळे होतायत तर सात नंबर लावून बघूया का, जरा गरम?" मी नको म्हटलं. एनजीकेत नंबर कमी तेवढा प्लग गरम (बॉशमध्ये बरोबर उलटं, तिथे भलेभले फसतात), आणि टू-स्ट्रोकला फुल थ्रॉटलवर गरम प्लग म्हणजे पिस्टनला भोक पडायची तयारी. बोट बंद पडली तर आम्ही वल्हं मारत येतो नाहीतर शेजारचा दोर टाकतो, वर कोण टाकणार? शिवाय काकांचे जुने चारही प्लग आठचेच, टोकं छान चॉकलेटी, दर २५ तासांनी बदलायचे म्हणून काढलेले फक्त. काकांकडे नवे दोनच होते, म्हणून तर पोरगा माझ्याकडे आला होता. जुन्यातलेच दोन ब्रशने पुसले, फिलर गेजच्या पातीने ठिणगीची गॅप ०.५ मिलीमीटरला आणला, हाताने शेवटपर्यंत बसवले आणि मग पान्याने थोडेसेच आवळले. एकेक स्विच बंद करून बघितला, दोन्हीकडे सारखा आवाज.

तरी काकांनी उडवलं नाही. नवे प्लग पुण्याहून पार्सलने येईपर्यंत दोन दिवस ट्राइक ताडपत्रीखाली, नि काका माझ्या शेडमध्ये चहा पीत बसलेले. मजुरीचं विचारलं तर मी म्हटलं काका लाजवू नका, प्लगचे पैसे पण परत घ्या.

माझे दोन प्लग घरी आणून साफ केले आणि एका छोट्या होडीच्या इंजिनला लावले. अजून चाललेत.