सातूच्या परागकोशातून शुद्ध लाइन: माझा अनुभव

संकर केल्यावर नेहमीच्या पद्धतीनं निवड करत गेलं, तर सातूची (बार्लीची) लाइन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या सारखीच राहणारी शुद्ध वंशावळ, स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. परागकोश संवर्धनात, म्हणजे परागकोश पोषक माध्यमावर ठेवून त्यातल्या परागकणांपासून रोपं मिळवण्यात, तेच काम एका पिढीत उरकतं. पण मला जास्त पटतं ते संख्येचं गणित. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची पाच जनुकं एकत्र हवी असतील, तर एफ-२ मध्ये (संकराच्या दुसऱ्या पिढीत) पाचही शुद्ध असलेलं झाड १,०२४ मधून एक मिळतं. दुहेरी एकगुणितांत, म्हणजे परागकणाचा एकच गुणसूत्रसंच दुप्पट होऊन बनलेल्या झाडांत, ३२ मधून एक.

सुरुवात संकराने. ओंबी पोटरीत असते आणि कुसळं ध्वजपानातून (सगळ्यात वरच्या पानातून) जेमतेम १-२ सेंमी डोकावतात, तेव्हा मी ती हातात घेतो. वरची-खालची कणिशकं काढतो. सहा-रांगी असेल तर मधलं ठेवून बाजूची दोन्ही काढतो. तुसांचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीनं छाटून चिमट्यानं तिन्ही परागकोश काढायचे. ते हिरवट हवेत. पिवळे दिसले तर ती ओंबी सोडून द्या, आत स्वपरागण झालेलंच असेल. वर कागदी पिशवी. दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुलली की फुटायच्या बेतातले पिवळे परागकोश तिच्यावर फिरवायचे. तूस छाटल्यामुळे संकरित दाणा वरून उघडा आणि थोडा सुरकुतलेला दिसतो. भरलेला, नीट झाकलेला दाणा दिसला की मला संशयच येतो.

एफ-१ ची (संकराच्या पहिल्या पिढीची) रोपं १२ ते १५ अंश तापमानात, १६ तास भरपूर प्रकाशात वाढवतो. हिवाळी वाण असेल तर त्याआधी ४ अंशांवर ६ ते ८ आठवडे. पुढचं सगळं या रोपांच्या तब्येतीवर अवलंबून असतं. मावा, भुरी किंवा उन्हाचा ताण बसला की परागकण भ्रूण देत नाहीत, मग माध्यम कितीही उत्तम असो. पोटरीच्या दिवसांत औषध फवारणंही मी टाळतो.

खरी मेख आहे वेळेत. परागकण एककेंद्रकी (एकच केंद्रक असलेल्या) अवस्थेच्या मध्यापासून शेवटापर्यंतच्या टप्प्यात हवेत. एक परागकोश काचपट्टीवर अॅसिटोकार्मिन या रंगद्रव्यात चिरडून पाहायचा: केंद्रक परागकणाच्या छिद्राच्या समोरच्या भिंतीकडे सरकलेलं असेल तर वेळ झाली. दोन केंद्रकं दिसली तर उशीर झाला. ओंबीच्या मधली फुलं पुढे असतात, टोकांची मागे. म्हणून नमुना मधूनच घ्या. ध्वजपान आणि त्याखालचं पान यांच्या सांध्यांमधलं अंतर ही सोपी खूण आहे, पण प्रत्येक वाणाला ती सूक्ष्मदर्शकाशी पडताळून बसवावी लागते. एका वाणाचा आकडा दुसऱ्याला लावला की बॅच वाया.

ओंब्या पोटरीसकट कापून, ७०% अल्कोहोलनं पुसून, निर्जंतुक डिशमध्ये अंधारात ४ अंशांवर तीन ते चार आठवडे ठेवतो. डिशमध्ये थोडी ओल हवीच, नाहीतर ओंब्या वाळतात. पण ओंबी पाण्याला टेकली की बुरशी येते.

माध्यमात लिटरला ६२ ग्रॅम माल्टोज घालतो. सुक्रोजचं ग्लुकोज झपाट्यानं सुटतं आणि परागकणांना सोसत नाही. माल्टोज सावकाश वापरलं जातं. अमोनियम नायट्रेट १६५ मिग्रॅ, म्हणजे एमएस (मुराशिगे-स्कूग) या नेहमीच्या ऊतीसंवर्धन माध्यमातल्या प्रमाणाचा दहावा हिस्सा. ग्लुटामिन ७३० मिग्रॅ, तेही गाळून निर्जंतुक केलेलं, कारण ऑटोक्लेव्हमध्ये ते मोडतं. बीएपी हे वाढ-संप्रेरक १ मिग्रॅ, सामू ५.६ च्या आसपास. परागकोश टाकून अंधारात २५ अंशांवर ठेवलं की चार-पाच आठवड्यांत १-२ मिमीचे भ्रूण दिसतात. ते लगेच पुनर्जनन माध्यमावर हलवायचे.

आळस केला तर पांढरी रोपं वाढतात. हिरवं होणं हरितलवकाच्या डीएनएवर अवलंबून असतं आणि परागकणात तो बिघडलेला असू शकतो. उन्हाळी वाणांत हा त्रास जास्त. माध्यमात १० मायक्रोमोलर कॉपर सल्फेट घातल्यानं हिरव्यांचं प्रमाण सुधारतं, पण वाणाचा स्वभाव त्यानं पुरता बदलत नाही. इग्रीसारखा वाण सहज हिरवी रोपं देतो, म्हणून नवशिक्यानं हात त्यावरच बसवावा.

सातूत सत्तर-ऐंशी टक्के रोपांची गुणसूत्रं आपोआप दुप्पट होऊन १४ होतात, त्यामुळे गुणसूत्रं दुप्पट करणारं कोल्चिसीन क्वचितच लागतं. शास्त्रज्ञ कॅशा आणि काओ यांनी १९७० मध्ये मांडलेल्या हॉर्डियम बल्बोसम पद्धतीत (या रानटी सातूशी संकर करून एकगुणित मिळवण्यात) मात्र ते लागतंच. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. एकगुणित राहिलेलं रोप अरुंद पानांचं, बुटकं आणि रिकाम्या ओंबीचं असतं. खात्री फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे पेशीतल्या डीएनएचं प्रमाण यंत्रानं मोजून.

मार्कर तपासणी, म्हणजे हवं ते जनुक आहे का हे डीएनएवरच्या खुणेनं पाहणं, मी रोप कुंडीत लावण्याआधी करतो, म्हणजे जागा वाचते. भुरी रोगासाठी एमएलओ जनुक, पिवळ्या मोझॅक रोगासाठी आरवायएम४. मार्कर दोन्ही पालकांत वेगळा दिसतो का, हे संकर करण्यापूर्वीच पाहा. जनुकाच्या शेजारचा मार्कर असेल तर काही लाइनमध्ये मार्कर आणि जनुक यांची फारकत झालेली असते. तिथं रोगाची लागण करून बघण्याला पर्याय नाही.

काचेतून आलेल्या रोपाची उंची आणि दाण्याचं वजन मी नोंदवतच नाही, मूळं कमजोर असल्यानं ते फसवतं. त्याचं बी वेगळं झोडून पुढच्या हंगामात एका ओळीत पेरायचं. ओळीत एखादं जरी झाड वेगळं निघालं, तर ती लाइन परागकणातून आलेली नाही, परागकोशाच्या भिंतीतून आलेली आहे किंवा बी मिसळलं आहे. दोन्ही बाबतींत ती टाकून द्यायची.